पहिली दहा मिनिटे घरच्यांची

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ‘घरात प्रथमोपचाराची पेटी ठेवायची आहे, तिच्यात काय काय असावे ते कृपया लिहावे,’ असे त्या म्हणतात. पेटीची यादी मी लेखाच्या शेवटी देणार आहेच. परंतु इतक्या वर्षांच्या व्यवसायात मी पाहिले आहे ते असे, की अपघात झालेल्या घरात पेटी नव्हती म्हणून क्वचितच काही अडते. अडते ते काय करायचे, आणि त्याहीपेक्षा काय करायचे नाही, हे आधी ठाऊक नसल्यामुळे.

रोगी डॉक्टरसमोर येतो तेव्हा त्याच्यावर पहिला उपचार घरी होऊन गेलेला असतो. भाजलेल्या हातावर टूथपेस्ट थापलेली असते. साप चावलेल्या पायाला दोरी आवळलेली असते. रॉकेल प्यायलेल्या मुलाला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढलेली असते. हे सगळे मायेपोटीच केलेले असते, याबद्दल शंका नाही. प्रसंग अंगावर आला की माणूस विचार करीत बसत नाही. कधीतरी कानावर पडलेले जे आठवेल ते करून मोकळा होतो. म्हणून कानावर पडलेले बरोबर असले पाहिजे, आणि ते घरातल्या एकाच्या नव्हे, सर्वांच्या कानावर पडले पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

गावात राहणाऱ्याला दवाखाना दहा मिनिटांवर असतो, वस्तीवरच्याला कधी तासभर लागतो. हा वेळ पूर्णपणे घरच्यांच्या हाती असतो. आपल्याकडच्या घरांत वरचेवर घडणारे चार-पाच प्रसंग घेऊन तो कसा वापरावा ते पाहू.

भाजल्यावर पाणी, दुसरे काही नाही

उकळता चहा, आमटी, अंघोळीचे पाणी यांनी भाजलेली मुले बाराही महिने येतात. कढत पदार्थ अंगावरून निथळून गेला तरी त्याची उष्णता कातडीत शिल्लक राहते आणि आतला थर भाजतच राहतो. ती उष्णता काढून घेणे हा पहिला उपचार, आणि ते काम साधे पाणी उत्तम करते. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने सावकाश ओतत राहावे. २० मिनिटे म्हणजे घड्याळातली २० मिनिटे. मूल रडते म्हणून दोन मिनिटांत थांबू नये. लगेच पाणी मिळाले नाही तरी पहिल्या तीन तासांत केव्हाही ओतले तरी फायदा होतो. मूल लहान असेल आणि बराच भाग भाजला असेल तर उरलेले अंग कोरड्या कापडात गुंडाळून उबदार ठेवावे, नाहीतर ते गारठते.

बर्फ लावू नये, त्याने कातडीला आणखी इजा होते. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस यांतले काहीही लावू नये. त्याने आतली उष्णता आतच राहते, आणि नंतर ते खरवडून काढताना रोग्याचे जे हाल होतात ते मला रोजचे आहेत. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढावे, कारण सूज चढल्यावर ते निघत नाहीत. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढून काढू नये. फोड फोडू नयेत. पाणी ओतून झाल्यावर स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे आणि दवाखान्यात यावे.

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. पळताना वारा लागून ज्वाळा वाढतात. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. दुसऱ्याने घोंगडी किंवा जाड सुती चादर टाकून आग दाबावी आणि मग पाणी ओतावे. नायलॉनचा गाऊन आणि सुटा पदर स्वयंपाकघरात नको. अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग त्यात कढत पाणी ओतावे. एवढी एक सवय घराला लागली तर निम्मी पोळलेली मुले मला पाहावी लागणार नाहीत.

गॅसचा वास आला तर

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर न जाता जमिनीलगत, ओट्याखाली, कोपऱ्यात साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. वास आला की पहिले काम शेगडीच्या कळी आणि रेग्युलेटर बंद करणे. दुसरे, दारे-खिडक्या उघडणे. तिसरे, सर्वांना बाहेर नेणे.

या वेळी विजेचे एकही बटण दाबू नये. लावू तर नयेच, पण चालू असलेले बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा बटणात बारीक ठिणगी पडते. पुष्कळ घरांत पहाटे वास येतो, घरातली बाई सवयीने दिवा लावते आणि स्फोट होतो. गॅस बाहेर घालवायला पंखा लावणे ही तीच चूक. देवघरातला दिवा, उदबत्ती आधी विझवावी. फोन बाहेर अंगणात जाऊन करावा. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे.

रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याचे काम घरातल्या एका माणसाच्या नावावर टाकावे. सर्वांचे काम असले की ते कोणाचेच नसते. गॅसची नळी आयएसआय शिक्क्याची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. ती कधी बसवली हे आठवत नसेल तर बदलण्याची वेळ होऊन गेली असे समजावे.

चुकून पोटात गेले तर ओकारी काढू नका

रॉकेल, डिझेल, थिनर, फिनेल, संडास साफ करण्याचे अॅसिड, शेतातली औषधे, उंदीर मारायचे मलम, हे सगळे आपल्या घरात कुठे असते ते आज उठून पाहा. शीतपेयाच्या बाटलीत थिनर, पाण्याच्या बाटलीत फवारणीचे उरलेले औषध, आणि ती बाटली मोरीच्या कट्ट्यावर. दोन वर्षांच्या मुलाला बाटलीचा आकार कळतो, आतले कळत नाही.

अशा वेळी मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून ओकारी काढू नये. रॉकेल, डिझेल, थिनर पातळ असतात. ओकारी होताना ते श्वासनळीत उतरतात आणि फुफ्फुसाला जबर सूज येते. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा छातीत गेलेले रॉकेल अधिक घातक. अॅसिडने जाताना अन्ननलिका भाजलेली असते, ओकारीत तेच अॅसिड तिला दुसऱ्यांदा भाजते. दूध, तूप, लिंबू पाजण्यानेही विष उतरत नाही. तोंड पुसून घ्यावे, मुलाला कुशीवर ठेवावे आणि तडक रुग्णालय गाठावे. बाटली किंवा पाकीट बरोबर आणावे. त्यावरचे नाव वाचून कोणता उतारा द्यायचा हे डॉक्टरला कळते आणि बहुमोल वेळ वाचतो.

उंदीर मारायच्या मलमाबद्दल वेगळे सांगतो. काही मलमांत पिवळा फॉस्फरस असतो. ते पोटात गेल्यावर एक-दोन दिवस रोगी ठीक दिसतो, चालतो, जेवतोही. घरचे निर्धास्त होतात. आणि मग यकृत निकामी होऊ लागते. तेव्हा ‘काही त्रास नाही’ म्हणून घरी थांबू नये. हे मलम टूथपेस्टसारख्या नळीत मिळते. अंधुक दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने ते ब्रशवर घ्यावे, असेही घडलेले आहे. त्याची जागा न्हाणीघरात किंवा मोरीवर मुळीच नको.

शेतीची औषधे नुसती पोटातूनच नव्हे, तर कातडीतून आणि श्वासातूनही भिनतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे वाचकांना आठवत असेल. अंगावर औषध सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवावे.

ही औषधे कुलुपात ठेवावीत, आणि किल्ली घरातल्या शांत डोक्याच्या माणसाकडे असावी. कुलूप केवळ मुलांसाठी नाही. परीक्षेचा निकाल, कर्जाचा तगादा, घरातली भांडणे यांनी माणूस एखाद्या क्षणी विचार हरवून बसतो. तो क्षण टळला तर पुष्कळदा माणूस वाचतो आणि पुढे आयुष्यभर संसार करतो. हाताशी बाटली नसणे एवढ्यानेही तो टळतो. घरात कोणी अबोल झाले असेल, निरवानिरवीची भाषा करीत असेल, तर त्याच्याजवळ बसावे, सरळ विचारावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

साप आणि विंचू

आपल्याकडे घातक साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांवर एकच लस चालते. म्हणून कोणता साप होता हे पाहण्यासाठी त्याच्या मागे लागू नये, मारून आणण्याची तर मुळीच गरज नाही. रोग्याच्या लक्षणांवरून आणि रक्ताच्या तपासणीवरून उपचार ठरतात.

दोरी आवळू नये. चीर देऊ नये. तोंडाने विष ओढू नये. आवळलेल्या दोरीने खालचा रक्तपुरवठा तुटतो, घोणशीच्या विषाने आधीच सुजलेला पाय सडू लागतो, आणि जीव वाचला तरी पाय जाण्याची पाळी येते. हाड मोडल्यावर जसा पाय फळीला सैल बांधतो तसा तो बांधावा, हलू देऊ नये. अंगठी, जोडवी, पैंजण काढावे. रोग्याला चालवू नये. मोटारसायकलवर न्यायचे तर रोगी मध्ये आणि मागे धरणारा एक माणूस, असे बसावे.

मांत्रिकाकडे गेलेले काही लोक बरे होतात हे खरे आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. असा माणूस मंत्राने बरा होतो, तसाच तो मंत्रावाचूनही झाला असता. पण ज्याच्या अंगात विष गेले आहे त्याचे दोन तास तिथे वाया जातात, आणि ते परत मिळत नाहीत.

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूणही बहुधा सापडत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका वस्तीवरचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. आजीने ओवा दिला, पोट शेकले. तासाभराने दूध घालायला आलेल्या शेजारणीच्या लक्षात आले, की हा डोळे उघडायला बघतो आणि पापण्या उचलत नाहीत. तिने हटकले म्हणून त्याला माझ्याकडे आणले. अंगावर खूण नव्हती, बोलणे जड झाले होते. रात्री कुठे झोपला होता विचारले तर ‘खाली, सतरंजीवर’ असे उत्तर आले. मी सरकारी रुग्णालयात फोन करून त्याच जीपने त्याला पुढे पाठवले. लस मिळाली, तीन दिवस यंत्राने श्वास द्यावा लागला, आणि पोर वाचले. त्या शेजारणीने हटकले नसते तर आजीचा ओवा चालूच राहिला असता. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी घेऊन उठला आणि त्याच्या पापण्या जड असतील, तर मण्यार चावली असेच समजून निघावे. खाटेवर झोपणे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे आणि रात्री बॅटरीशिवाय बाहेर न पडणे, हे तीन उपाय स्वस्त आहेत आणि खात्रीचे आहेत.

विंचवाच्या बाबतीत नुसती दंशाच्या जागी आग होत असेल तर भीती कमी. पण घाम, उलट्या, हात-पाय गार पडणे, धाप लागणे ही लक्षणे दिसली तर विष हृदयावर गेले असे समजावे. लहान मुलांत हे फार लवकर होते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातली शेकडो माणसे वाचवली. हे औषध महाग नाही. पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, वेळेत मिळावे लागते.

धक्का आणि ठसका

विजेचा धक्का बसलेल्याला हाताने धरू नये. वाचवायला गेलेला दुसराही चिकटतो, आणि एका घरातून दोन तिरड्या निघतात. आधी मेन स्विच बंद करावा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने माणूस दूर ढकलावा. सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे आणि दुसऱ्याने मदत बोलवावी. कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधावी. वायरमनकडून गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवून घ्यावा.

शेंगदाणा, फुटाणा, सुपारीचे खांड मुलाच्या घशात अडकले आणि ते खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्यावे. आवाज बंद झाला आणि चेहरा निळा पडू लागला, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. न निघाल्यास पाठीमागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच हिसके द्यावेत. दोन्ही आलटून पालटून करावे. वर्षाच्या आतील बाळाचे पोट दाबू नये. त्याला हातावर पालथे, डोके खाली असे धरून पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून दोन बोटांनी छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबावे. न दिसणारा घास बोटाने शोधू नये, तो आणखी आत जातो. चार वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे देऊच नयेत.

येत्या रविवारी करायची कामे

एक. एक कागद घ्यावा, मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या मागे चिकटवावा. रुग्णवाहिका १०८, पोलीस व इतर तातडीची मदत ११२, अग्निशमन १०१, गॅसगळती १९०६. त्याखाली जवळच्या सरकारी रुग्णालयाचा आणि गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांक. सर्वांत खाली आपल्या घराचा पत्ता, जवळच्या देवळाच्या किंवा शाळेच्या खुणेसह. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, हे अनुभवाचे बोल आहेत. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, विनामूल्य आहे, आणि गाडीत डॉक्टर असतो. गाडी यायला किती वेळ लागेल ते फोनवरच विचारावे. त्याआधी आपण पोचू शकत असलो तर निघावे.

दोन. सापाची लस कोणत्या रुग्णालयात रात्रीही मिळते, हे आजच चौकशी करून ठेवावे. सरकारी रुग्णालयात ती मोफत असते.

तीन. घरातल्या आठ वर्षांवरील प्रत्येकाला मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर स्वतःच्या हाताने बंद करायला लावावे. आजीलाही आणि नव्या सुनेलाही.

चार. कामे वाटून ठेवावीत. एकाने रोग्याजवळ बसायचे, एकाने फोन करायचा, एकाने लहान मुलांना बाजूला न्यायचे.

पाच. रोजची औषधे, त्यांची चिठ्ठी, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आरोग्य योजनेचे कार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावे. २०१९ च्या महापुराने सांगली-कोल्हापूरकडच्या असंख्य कुटुंबांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडायला लावले. नदीकाठच्या घरांनी पावसाळ्याआधी रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या निदान आठवडाभर पुरतील एवढ्या या पिशवीत ठेवाव्यात.

आता पेटी. स्वच्छ धुतलेली सुती कापडे, निर्जंतुक जाळीचे तुकडे, साधे आणि ताणाचे बँडेज, चिकटपट्टी, कात्री, साबणाची वडी, थर्मामीटर, जीवनजलाची पाकिटे, पॅरासिटामॉल आणि चालू स्थितीतली बॅटरी एवढे पुरे. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या त्यात नकोत. पेटी उंचावर, पण कुलपाविना असावी. कुलूप त्या विषारी बाटल्यांना लावायचे आहे.

हा लेख वाचून झाल्यावर कात्रण कापून ठेवले नाही तरी चालेल. रात्री जेवताना तो घरात मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे तो सर्वांच्या कानावर पडेल.